ऑब्जेक्टच्या नादी लागून

प्रोग्रॅमिंग शिकताना फंक्शनपर्यंत माणूस सुखात असतो. वरून खाली वाचत जायचं, लूप आलं की गोल फिरायचं, फंक्शन, म्हणजे नाव देऊन बाजूला ठेवलेलं काम, आलं की तिकडे जाऊन परत यायचं. महिन्याचा खर्च मांडणारा माझा छोटासा प्रोग्रॅम याच रीतीने लिहून झाला होता आणि बेरीज बरोबर येत होती. मी तो कौतुकाने भाच्याला दाखवला. तो याच क्षेत्रात नोकरी करतो. त्याने वरपासून खालपर्यंत नजर टाकली आणि म्हणाला, "छान आहे गं मावशी. पण यात क्लास कुठाय?"

तिथून माझी साडेसाती सुरू झाली. तिचं नाव ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग. क्लास म्हणजे साचा, त्यातून काढलेली प्रत्येक वस्तू म्हणजे ऑब्जेक्ट, आणि त्याला जी कामं येतात त्या मेथड.

पहिली गाठ जावाशी. पडद्यावर 'नमस्कार' एवढंच उमटवायचं, तर आधी एक क्लास उघडायचा, मग म्हणायचं 'पब्लिक स्टॅटिक व्हॉइड मेन', मग कंसात स्ट्रिंग, चौकोनी कंस आणि आर्ग्ज. याचा अर्थ काय म्हणून विचारावं तर शिकवणारे म्हणतात, "तूर्त तसंच लिहा, पुढे कळेल." पुढे कळलं ते असं : 'स्टॅटिक' म्हणजे ही मेथड चालवायला ऑब्जेक्ट लागत नाही. जिथे सगळी कामं ऑब्जेक्टकडून करून घ्यायचं व्रत घेतलंय, तिथे उद्घाटनालाच ऑब्जेक्ट गैरहजर! १९९५ साली आलेल्या या भाषेला नवशिक्यांची दया आली ती २०२५ मध्ये. जावाच्या २५व्या आवृत्तीपासून हा अख्खा मंत्र न म्हणताही 'नमस्कार' म्हणता येतं. तोवर तीस वर्षं लोक तो मुकाट्याने म्हणत होते.

"मग पायथन घे," भाचा म्हणाला. "सोपी आहे."

सोपी आहे, पण 'सेल्फ' येईपर्यंत. क्लासमधल्या मेथडच्या कंसात पहिला मान सेल्फचा. मेथड लिहिताना तो लिहायचा, बोलावताना मात्र लिहायचा नाही. लिहिताना तो गाळला आणि बोलावताना कंस रिकामा ठेवला, तर पायथन खेकसते : या मेथडला शून्य गोष्टी लागतात, तुम्ही एक दिलीत. रिकाम्या कंसातून कुणी काय दिलं असेल? तर ज्या ऑब्जेक्टवर मेथड बोलावली, तो ऑब्जेक्टच पायथन गुपचूप पुढे सरकवते आणि मग त्याचा जाब आपल्याला विचारते. जावात हाच गृहस्थ 'धिस' या नावाने वावरतो, पण तो निदान प्रत्येक दाराशी हजेरी मागत नाही.

सेल्फची सवय होते न होते तोच धड्यात वाचनालय आलं. 'सदस्य' नावाचा क्लास. त्यात सुरुवातीलाच, मेथडच्या बाहेर, 'पुस्तकं' नावाची रिकामी यादी. दोन सदस्य तयार केले. पहिल्याने एक पुस्तक नेलं. दुसऱ्याची यादी छापून पाहिली, तर तेच पुस्तक त्याच्याही नावावर! तिसरा सदस्य तयार केला; त्याने वाचनालयात पाऊल टाकण्याआधीच पुस्तक नेलेलं. धडा लिहिणाऱ्याने हा सापळा मुद्दाम लावला होता आणि पुढच्या पानावर तो स्वतःच हसत होता. कारण असं, की क्लासच्या अंगावर लिहिलेली यादी एकदाच तयार होते आणि सगळे ऑब्जेक्ट त्या एकाच यादीत हात घालतात. ज्याची त्याला हवी असेल, तर ती 'इनिट' नावाच्या मेथडमध्ये सेल्फला चिकटवून करायची. इनिटच्या आधी दोन अंडरस्कोअर, नंतर दोन. का, ते विचारू नये.

मग या पद्धतीचे चार स्तंभ. एन्कॅप्सुलेशन, ॲब्स्ट्रॅक्शन (आतला गुंता झाकणं), इन्हेरिटन्स (वरच्या क्लासचा वारसा खालच्याला), पॉलिमॉर्फिझम (एकाच हाकेला ज्याचं त्याचं उत्तर). मुलाखतीत हे एका दमात म्हणावे लागतात म्हणे. पैकी एन्कॅप्सुलेशनने मला खरोखर कोड्यात टाकलं. ऑब्जेक्टच्या आतली माहिती प्रायव्हेट करायची, बाहेरच्या कुणी तिला हात लावता कामा नये. आणि लगेच खाली प्रत्येक गोष्टीसाठी एक गेटर आणि एक सेटर लिहायचा, ज्यातून कुणीही यावं, वाचावं, बदलावं. दाराला कुलूप लावून किल्ली कडीलाच अडकवायची आणि वर सुरक्षिततेवर व्याख्यान द्यायचं. सेटरमध्ये काही तपासणी असेल, म्हणजे खर्चाचा आकडा उणे येऊ देत नसेल, तर गोष्ट वेगळी. पण मी पाहिलेल्या सेटरांपैकी बहुतेक सगळे आलेल्याला वाकून नमस्कार करणारेच होते.

इन्हेरिटन्सच्या दारात अर्थातच कुत्रा बसलेला असतो. प्राणी हा वरचा क्लास, त्याच्याखाली कुत्रा आणि मांजर. दोघांना 'आवाज काढ' म्हटलं की एक भुंकतो, दुसरी म्याव करते, आणि शिकवणारा विजयी मुद्रेने आपल्याकडे बघतो. कुत्रा भुंकतो हे मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक होतं. त्यासाठी तीन क्लास कशाला?

कुत्र्यापेक्षा चौरसाने जास्त छळलं. चौरस हा आयतच असतो, हे भूमितीत शिकलोय; मग चौरसाचा क्लास आयताच्या क्लासखाली घालायला हरकत नसावी. घातला. आयताला रुंदी आणि उंची वेगवेगळी ठरवता येते. चौरसाला मात्र एक बदलली की दुसरीही बदलावीच लागते, नाहीतर तो चौरस कसला? आता आयत समजून कुणी त्याची रुंदी ५ केली, मग उंची ४ केली आणि क्षेत्रफळ विचारलं. त्याची अपेक्षा २०, उत्तर १६. गणितही बरोबर, प्रोग्रॅमही बरोबर, फक्त विचारणारा वेडा ठरला. वरच्या क्लासच्या जागी खालचा ठेवला तरी कुणाचा अपेक्षाभंग होता कामा नये, हे संगणकशास्त्रज्ञ बार्बरा लिस्कोव्ह यांनी १९८७ सालीच एका भाषणात मांडून ठेवलंय. ते चौरसाच्या आधी शिकवलं असतं तर बरं झालं असतं.

शेवटी हे सगळं सुरू कुणी केलं, याचा शोध घ्यायला निघाले. पोचले नॉर्वेत. ओस्लोच्या संगणन केंद्रात साठच्या दशकात ओले-योहान डाल आणि क्रिस्टन नीगार्ड या दोघांनी सिम्युला नावाची भाषा केली. क्लास आणि ऑब्जेक्ट तिच्या १९६७च्या आवृत्तीतले. भाषा होती सिम्युलेशनसाठी : रांगा, काउंटर, येणारी-जाणारी गिऱ्हाइकं यांची नक्कल संगणकात करायची. आणि इथे माझा राग थोडा उतरला. कारण तिथे गिऱ्हाईक खरंच ऑब्जेक्ट आहे. ते कधी आलं, किती वेळ ताटकळलं, आता कुठल्या काउंटरला आहे, हे त्याचं त्याच्यापाशी. आणि अशी हजारो गिऱ्हाइकं एकाच वेळी रांगेत. हे फंक्शनांनी सांभाळायला बसलं की थोड्याच वेळात कुणाची वेळ कुणाच्या नावावर हे कळेनासं होतं. हे उदाहरण पहिल्याच दिवशी कुणी दिलं असतं तर मी निमूट क्लास लिहिले असते. दोन प्राण्यांसाठी ही विद्या लागतच नाही. ती लागते पसारा आवरेनासा झाल्यावर, आणि शिकवतात मात्र पसारा मांडायच्या आधी. माझ्या खर्चाच्या प्रोग्रॅमलाही ती लागत नव्हती. हे भाच्याला सांगितलं, तर त्याने खांदे उडवले.

असो. इन्हेरिटन्स कसंबसं गळी उतरलं आणि मी पुढचा धडा उघडला. त्याचं पहिलं वाक्य : इन्हेरिटन्स शक्यतो टाळावं, त्याऐवजी कंपोझिशन वापरावं, म्हणजे वारसा न घेता काम दुसऱ्या ऑब्जेक्टवर सोपवावं. हा सल्ला चौघा लेखकांनी २३ डिझाइन पॅटर्नच्या, म्हणजे प्रोग्रॅम रचायच्या ठरावीक रीतींच्या, जाडजूड पुस्तकात १९९४ सालीच देऊन ठेवलाय. मी भाच्याला फोन लावला.

"हो, तेच तर," तो म्हणाला. "हल्ली जो तो हेच सांगतो."

"मग तो कुत्रा?"

"कुत्रा परीक्षेपुरता गं."

नव्या पद्धतीत कुत्रा स्वतः भुंकत नाही. त्याच्याकडे 'भुंकणारा' नावाचा एक वेगळा ऑब्जेक्ट सोपवलेला असतो आणि भुंकायची वेळ आली की कुत्रा त्याला तसं कळवतो. भुंकणाऱ्याच्या कंसात पहिला अर्थातच सेल्फ.