'यांच्या ढिलाईमुळे बाबा रात्रभर मुंबईतच राहिले' या रिव्ह्यूला उत्तर

ताई, नमस्कार. बाबांचं पार्थिव मुंबईहून विमानाने पाठवायचं काम आमच्याकडे होतं आणि तुम्हा सगळ्यांना नागपूरला रात्रभर वाट पाहावी लागली, त्याबद्दल मनापासून क्षमस्व. पण 'यांच्या ढिलाईमुळे संध्याकाळचं विमान चुकलं' हे वाचून गप्प बसवलं नाही.

तुम्ही तिकडे होतात, इथे काय झालं ते बहुतेक तुमच्या कानावर आलं नसावं. हॉस्पिटलचा दाखला, पोलिसांची एनओसी, एम्बाल्मिंगचं (पार्थिव खराब होऊ नये म्हणून करतात त्या प्रक्रियेचं) सर्टिफिकेट, सगळं दुपारी दोनच्या आत हातात होतं. रक्तवाहिनीतून फॉर्मॅलिन हे रसायन सोडायचं म्हणजे घाईचं काम नव्हे, तरी वेळेत झालं. तिथून थेट विमानतळाच्या कार्गोला, म्हणजे मालवाहतूक विभागात, जायचं ठरलं होतं. मग तुमचे दादा म्हणाले, मुलुंडला सोसायटीत दर्शनाला अर्धा तास थांबू. अशा वेळी नाही कोण म्हणणार? अर्ध्याचा दीड तास झाला. कार्गोचं काउंटर विमानाच्या कितीतरी आधी बंद होतं, हे मी स्वतः त्यांना दोनदा सांगितलं. त्यांच्या डोक्यात बोर्डिंगची वेळ होती.

तरीही जमलं असतं. पण पेटी बंद करताना कुणीतरी बाबांच्या उशाशी पितळेची विठ्ठलमूर्ती ठेवली, आम्हाला न सांगता. भावना समजते हो. पण 'पेटीत पार्थिवाशिवाय काही नाही' असं आम्ही सहीशिक्क्यानिशी लिहून देतो आणि पेटी एक्स-रेखालून जाते. धातू दिसला, पेटी बाहेर. स्क्रू काढले, मूर्ती दादांच्या हातात दिली, पुन्हा सील केलं, तोवर काउंटर बंद. हा दोष आमचा कसा, तुम्हीच सांगा. रात्री पार्थिव शवागाराच्या कोल्ड रूममध्ये होतं, आमचा मुलगा बाहेर बसून होता, त्याचा एक रुपया लावला नाही.

'जास्त पैसे घेतले' म्हणता, तर विमान कंपनी पेटीसकट वजन करून भाडं लावते. एअर वेबिलची (विमान कंपनीच्या मालपावतीची) प्रत दादांकडे आहे, त्यावर आमचं काही चढवलेलं नाही.

यापुढे नातेवाइकांना सूचना आधीच लेखी देत जाऊ, स्टाफलाही बोललोय.

हा धंदा जाहिरातीवर चालत नाही, हॉस्पिटलवाले नंबर देतात म्हणून चालतो, आणि तेही हल्ली आधी रिव्ह्यू बघतात. दादांशी एकदा बोला. पटलं तर तो एक स्टार तेवढा बदला.