पाटीवर 'रायझन ५', आत काय?

भाचीच्या कॉलेजसाठी लॅपटॉप बघतोय आणि डोकं उठलंय नुसतं. दुकानातल्या पाटीवर मोठ्या अक्षरांत 'रायझन ५, ७००० सिरीज', म्हणजे आतला एएमडी कंपनीचा प्रोसेसर. अरे, पुढचे आकडे कुठे गेले? सगळी मेख तिथेच आहे! ७५२०यू आणि ७५४०यू यांत फरक तिसऱ्या आकड्याचा, पण आतली रचना तोच सांगतो. २ म्हणजे झेन २ नावाची रचना, मूळ २०१९ची. ४ म्हणजे झेन ४. एकात चार कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग), दुसऱ्यात सहा. आणि सुरुवातीचा ७? तो फक्त मॉडेल कोणत्या सालचं ते दाखवतो. जुना माल, नवं लेबल! दुसरे प्रोसेसरवाले, इंटेल, तेही त्याच माळेचे मणी: 'कोअर ५ १२०यू' आणि 'कोअर अल्ट्रा ५ १२५यू' यांतला फरक सामान्य माणसाने ओळखायचा कसा?

विक्रेत्याला विचारलं तर म्हणे, "सर, एआय फीचर आहे ना!" अहो, रॅम उद्या वाढवता येईल का, ते सांगा! ७५२०यूसोबत ती बोर्डावरच सोल्डर केलेली येते. आठ जीबी घेतली की कायमची आठच. हे खोक्यावर ठळक छापायला काय धाड भरलीय यांना? लोक हप्ते भरून मुलांना मशीन घेऊन देतात हो!