गंभीर श्रोता म्हणजे नक्की कोण?

सकाळी ग्रुपवर मेसेज वाचला आणि डोकंच फिरलं. आमच्या भागात दर महिन्याला मोफत व्याख्यान असतं. कधी कोल्हापूरच्या इतिहासावर, कधी झाडा-पाखरांवर लिहिणाऱ्या कुणाचं. आता माणशी २०० रुपये घेणार म्हणे. का? तर 'गंभीर श्रोतेच येतील'.

मग माझी आई कोण?

गेल्या भाद्रपदात तिला पहिल्यांदा नेलं. चौथी शिकलेली बाई. देवळात शिरावं तशी दारात चपला काढून आत आली, मागच्या खुर्चीत अंग चोरून बसली. पडद्यावर गुलाबी-पांढऱ्या तुऱ्याचा फोटो आला. वक्त्यांनी शास्त्रीय नाव सांगितलं, मराठी नाव काही आठवेना. मागनं आईचा हात वर. "सर, ती कुर्डूची भाजी. कवळी हाय तवर खुडायची. तुरा आला की निबार हुतीया." पुढची दहा मिनिटं सर विचारत होते, आई सांगत होती, आणि सर वहीत लिहून घेत होते.

दारात पावतीचं टेबल असतं तर ती आलीच नसती. "एवढ्यात आठवड्याचा बाजार हुतोय," म्हणून चपला घालून माघारी फिरली असती.

माझंच बघा. पंचगंगेच्या घाटावर पोहायला शिकलो. पण शेजारच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीत सातवाहनांच्या काळातली वस्ती सापडली, ग्रीक समुद्रदेव पोसायडनची ब्राँझची मूर्ती सापडली, ती आपल्या टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये आहे, हे मला चाळिशीत कळलं. असल्याच एका मोफत व्याख्यानात. दुसऱ्या दिवशी पोरांना घेऊन गेलो बघायला. तिकीट असतं तर मी तरी गेलो असतो का त्या व्याख्यानाला? नसतो गेलो.

शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, ते याच संस्थानात. आणि आपण दारात माणसं निवडणार?

हॉलचं भाडं, माईक, वक्त्यांचा प्रवास, पैसे लागतात. मान्य. मग दारात डबा ठेवा की. ज्याला जमेल तो टाकेल. मी दर महिन्याला ५०० टाकतो, हे इथं सगळ्यांसमोर लिहितोय.

जरा जास्तच बोललो असेन. हे सगळं चालवणारी पोरं आपलीच आहेत. दिवसभर नोकरी करून रात्री खुर्च्या लावतात, खिशातले घालतात. त्यांच्यावर राग नाही माझा. तो 'गंभीर' शब्द मात्र मागे घ्या रे बाबांनो.

पुढच्या महिन्यात तेच सर परत येणार आहेत. आईनं दिवाळीत बांधावरनं कुर्डूचं बी झाडून आणलंय. बारीक, काळं, चकचकीत. त्यांना द्यायला म्हणून कागदाच्या पुडीत बांधून देव्हाऱ्याजवळ ठेवलंय. आजही विचारत होती, "कवा हाय रं ते भाषण?"