शंखी गोगलगायीला काही लागत नाही, हे साफ चूक आहे

गेल्या पावसाळ्यापासून आमच्याकडे, शिरपूर-शहाद्याच्या पट्ट्यात, पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक संदेश फिरतोय. मुलांना मोबाइलपासून दूर ठेवायला शंखी गोगलगाय पाळा, खर्च शून्य, असं त्यात म्हटलंय. पुढचे दावे थोडक्यात असे: ती उरलंसुरलं काहीही खाते. शंख जन्मतःच असतो आणि आपोआप वाढतो. फारच वाटलं तर खडूचा तुकडा नाहीतर पानाचा चुना ठेवा. शंख लिंबाने घासला की चकाकतो. उन्हाळ्यात तोंड मिटून मेली की टाकून द्या. कंटाळा आला तर शेतात सोडा.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. माझ्या वर्गातल्या एका मुलीने मामाच्या गावाहून, लातूरकडून, श्रीखंडाच्या डब्यात अशी एक गोगलगाय आणली होती. घरच्यांनी हा संदेश वाचून तसंच सगळं केलं. एप्रिलमध्ये ती डबा घेऊन माझ्याकडे आली आणि रडवेल्या आवाजात म्हणाली, "सर, मरी गई ती." मेली नव्हती. पण शंखाचे पापुद्रे निघाले होते, कड इतकी पातळ की बोट लावायची भीती वाटावी. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

सुरुवात शंखापासून करतो, कारण सगळा घोळ तिथेच आहे. पिल्लू अंड्यातून इवलासा शंख घेऊनच बाहेर येतं, एवढं खरं. पण पुढचा शंख ते स्वतः बांधतं. शंखाच्या आतून अंगाभोवती मऊ त्वचेचं आवरण असतं. त्याची कड शंखाच्या तोंडाशी चुन्याचा थरावर थर चढवत जाते, म्हणजे वाढ फक्त तोंडाकडून होते. शंखाचा जवळजवळ सगळा भाग कॅल्शियम कार्बोनेटचा असतो आणि हे कॅल्शियम अन्नातून, मातीतून, पाण्यातूनच यावं लागतं. अंड्यातून बाहेर पडलेलं पिल्लू सर्वांत आधी काय खातं? स्वतःच्याच अंड्याचं कवच. ज्या जिवाचा पहिला घासच चुन्याचा, त्याला कॅल्शियम लागत नाही असं कसं म्हणायचं?

शेतातल्या गोगलगायीला कॅल्शियम कोण घालतं, असं मला एका पालकांनी विचारलं. प्रश्न रास्त आहे. आपली काळी माती खणून बघा, चुनखडीचे पांढरे खडे सापडतात. बांधावरचे जुने शिंपले असतात, घराच्या भिंतीचा चुना असतो. गोगलगाय रात्री हे सगळं खरवडत फिरते. प्लास्टिकच्या डब्यात यातलं काहीच नसतं. डब्यात दोन-चार एकत्र असतील आणि चुना मिळत नसेल, तर त्या एकमेकींचे शंख खरवडायला लागतात.

आता खडू. बाजारात मिळणारे फळ्याचे बहुतेक खडू जिप्समचे, म्हणजे कॅल्शियम सल्फेटचे असतात. शंख कार्बोनेटचा. नावात कॅल्शियम असलं म्हणून दोन्ही एक होत नाहीत. घरी पारखायचं असेल तर लिंबाचा थेंब टाका. अंड्याच्या टरफलावर बुडबुडे येतात, जिप्समच्या खडूवर येत नाहीत. हा प्रयोग मी वर्गात केला तेव्हा मुलांनी कंपास पेटीतले सगळे खडू काढून तपासले. आणि याच प्रयोगाने लिंबाने शंख चकाकवण्याच्या सल्ल्याचंही उत्तर मिळतं. शंखावर असे बुडबुडे आले म्हणजे शंखच विरघळत असतो.

पानाच्या चुन्याचा सल्ला याहून वाईट. तो कॅल्शियम हायड्रॉक्साइड, दाहक. आपल्या तोंडात जास्त झाला तर जीभ पोळते. गोगलगायीचं तर सगळं पोट ओलं, उघडं, आणि त्यावरच ती चालते. शेतकरी बांधावर चुन्याचा पट्टा ओढतात तो तिला अडवण्यासाठीच. मग ती चुना दिलेल्या भिंती का चाटते? कारण भिंतीवरचा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू कार्बोनेट होतो. ताजा चुना तिला जाळतो, भिंतीवर मुरलेला चुना तिला खाता येतो.

द्यायचं काय, तर अंड्याची टरफलं धुऊन, तव्यावर कोरडी करून, पाट्यावर बारीक करून. काष्ठौषधींच्या दुकानात समुद्रफेन मिळतो, तो माकुल माशाच्या अंगातला पांढरा पाटा, जवळजवळ सगळा कार्बोनेटचाच. कोंबड्यांच्या खाद्याच्या दुकानात शिंपल्यांचा चुरा मिळतो, आणि कोंबडीपालनाचं नवापूर जवळ असल्यावर आपल्याला तो मिळायला अडचण नाही. हे अन्नात कालवू नका, वेगळ्या झाकणीत ठेवा. तिला हवं तेव्हा ती स्वतः तिथे जाते.

उरलंसुरलं खाते, हा दावा अर्धाच खरा असल्यामुळे जास्त घात करतो. शेकडो प्रकारच्या वनस्पती ती खाते, कुजका पालाही खाते. 'गोगलगाय आणि पोटात पाय' असं आपण म्हणतो आणि पायांकडे बघत राहतो. बघण्यासारखं तोंड आहे. जिभेच्या जागी हजारो बारीक दातांची एक पट्टी असते, ती कानशीसारखी पुढे-मागे फिरते. रात्री डब्याशी कान लावला तर काकडी खरवडल्याचा आवाज स्पष्ट ऐकू येतो. खालच्या आखूड शिंगांनी ती अन्नाचा वास घेत जाते. पण आपल्या ताटात उरलेलं म्हणजे भरीत, शेवभाजी, वरण. त्यात मीठ असतं. मीठ तिच्या अंगातलं पाणी ओढून घेतं आणि ती तडफडून मरते. त्या मुलीच्या घरी भरीत टाकत होते, आणि गोगलगाय त्यापासून लांब, झाकणाला चिकटून बसत होती. तिला गिलकं द्या, काकडी, दुधी, रताळं, पिकलेली पपई. पालक मात्र रोज नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला धरून ठेवतं. फवारलेल्या रानातला पाला अजिबात नको.

उन्हाळ्यात ती मरत नाही, मिटते. हवा कोरडी पडली की शंखाच्या तोंडावर पांढरट पडदा धरून ती महिनोन् महिने निजते. मेलेलीला उग्र वास येतो. आम्ही डबा सावलीत ठेवला, माती ओलसर केली, कोमट पाण्याचे शिंतोडे दिले. संध्याकाळी पडदा सुटला आणि शिंगं बाहेर आली. मुलगी उड्या मारायला लागली.

सगळ्यात धोक्याचा सल्ला शेवटचा, आणि त्यावर मला मनापासून राग आहे. ही गोगलगाय मुळात पूर्व आफ्रिकेची. १८४७ साली गोगलगायींचे अभ्यासक विल्यम बेन्सन यांनी मॉरिशसहून आणून कलकत्त्याच्या एका बागेत सोडली, तिथून ती देशभर पसरली. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, उस्मानाबादकडे (आताचं धाराशिव) कोवळं सोयाबीन तिने रातोरात फस्त केलं, शेतकऱ्यांना दुबार पेरणी करावी लागली. एका वेळी शंभर-दोनशे अंडी ती घालते. प्रत्येक गोगलगाय नरही असते आणि मादीही, आणि एकदा संग झाला की बीज साठवून ठेवून पुढे कितीतरी दिवस एकटीच अंडी घालू शकते. म्हणजे 'एकच तर आहे' म्हणून पपईच्या बागेत सोडलेली एक गोगलगाय पुरेशी आहे. ती आपल्या पायांनी लातूरहून शिरपूरला आली नाही, श्रीखंडाच्या डब्यातून आली.

म्हणून मुद्दाम कुठून आणू नका. ज्यांच्या घरी आधीच आहे त्यांनी डब्याचं झाकण घट्ट ठेवावं, भोकं बारीक ठेवावीत. मातीत साबुदाण्यापेक्षा थोडी मोठी, फिकट पिवळसर अंडी दिसली की ती पिशवीत घालून दोन दिवस बर्फाच्या कप्प्यात ठेवावीत आणि मगच टाकावीत. माती बदलताना जुनी माती तशीच उकिरड्यावर ओतू नये, तिच्यातही अंडी असतात. हात लावल्यावर साबणाने धुवावेत, कारण उंदराच्या फुप्फुसातल्या एका जंताची पिल्लं या गोगलगायींत असू शकतात आणि माणसाच्या पोटात गेली तर मेंदूच्या आवरणाला सूज आणतात. लहान मुलांना एकटं हाताळू देऊ नये. सांभाळणं जमत नसेल तर कृषी विभागाच्या कार्यालयात विचारावं, शेतात सोडू नये.

त्या मुलीची गोगलगाय आता शाळेच्या प्रयोगशाळेत आहे. आत्तापर्यंत दोनदा अंडी सापडली, दोन्ही वेळा तिनेच मोजून बर्फात ठेवली. शंखावर एक आडवी रेघ दिसते. रेघेच्या आतला भाग खडबडीत, विटका आहे, आणि बाहेरचा बोटभर भाग गुळगुळीत, जाड. टरफलाचा चुरा सुरू केला ती तारीख तिने वहीत लिहून ठेवली आहे.