तीस दिवसांत हरकत घ्या म्हणे!

पुन्हा तेच! गोव्याच्या राजपत्रात जमिनीचा झोन बदलण्याच्या प्रस्तावांचा एक तक्ता: तालुका, गाव, सर्व्हे नंबर, पोटविभाग, सध्याचा झोन, मागितलेला झोन, चौरस मीटर. बस्स. नगर व ग्राम नियोजन कायद्यात २०२४ मध्ये आलेल्या कलम ३९अ खाली ऑर्चर्डचं (बागायतीचं) सेटलमेंट (घरं बांधता येणारा झोन) करायला तीस दिवसांची सूचना पुरते, आणि ती नगर नियोजन मंडळाने प्रस्तावाला होकार दिल्यावर निघते. म्हणजे आधी ठरवायचं, मग विचारायचं!

त्या तक्त्यावरून गावकऱ्याने काय ओळखायचं? सर्व्हे नंबर घेऊन आराखडा काढा, एक-चौदाचा उतारा (जमिनीची मालकी-कूळ दाखवणारा) काढा, मग कळतं की हे तर वाड्यामागचं भाट (माड-झाडांची बागायत), जिथलं पावसाचं पाणी खाली खाजनात (खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतात) उतरतं. तोवर दहा-बारा दिवस गेलेले. ग्रामसभा रोज थोडीच भरते? एकेका सर्व्हे नंबरचा विचार सुटा सुटा होतो, म्हणून शेजारच्या पाच बदलांचं मिळून रस्त्यावर, विहिरींवर काय ओझं पडेल, हे कुणी मोजतच नाही. अख्ख्या गोव्याचे झोन ठरवणारा प्रादेशिक आराखडा २०२१ मग कशासाठी केला होता?

आराखड्यातली चूक दुरुस्त करण्याच्या नावाखाली झोन बदलू देणारे, याच कायद्याच्या कलम १७(२) चे नियम उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये रद्द केले, तरी कलम ३९अ ची वाट उघडीच.

आणि झोन एकदा बदलला की पंचायतीच्या हाती फारसं काही उरत नाही. बांधकाम परवान्यावर तीस दिवसांत निर्णय दिला नाही, तर अर्जदार सरळ अपिलात जातो. सूचनेसोबत निदान जागेचा नकाशा आणि रस्त्याची रुंदी तरी छापा हो!