पिच्चरमधी उतार हाय का?

अडीच फूट. आमच्या हॉलमधला टीपॉयसुद्धा त्याहून लांब आहे. तेवढ्या अंतरावरून गेल्या रविवारी माझा पट हुकला, आज बुधवार, ऑफिसात चार मीटिंगा होऊन गेल्या, आणि मी मनानं अजून त्या दुसऱ्या होलच्या ग्रीनवर वाकून उभा आहे.

ज्यांचा गोल्फशी संबंध नाही (सुखी आहात, तसेच राहा) त्यांच्यासाठी एवढंच, की लांबून बडवत आणलेला बॉल एकदाचा ग्रीनवर, म्हणजे त्या गालिच्यासारख्या बारीक गवतावर आला की पटर नावाच्या काठीनं त्याला हळूच ढकलून होलात घालायचं, त्याला पट म्हणतात. होल सव्वाचार इंचांचं, हे माप 1891 पासून ठरलेलं आहे. बॉल 1.68 इंचांचा. म्हणजे दोन बॉल शेजारी शेजारी आत बसतील आणि वर बोट घालायला जागा उरेल. यात चुकायचं काय, असं बघणाऱ्याला वाटतं. मलाही वाटायचं. टीव्हीवरचे मोठमोठे प्रोसुद्धा आठ फुटांवरून साधारण निम्मेच पट घालतात, पण अडीच फुटांवरून ते सहसा चुकत नाहीत. तो मान माझा.

मुळात मी या खेळात घुसलो तो नाशिकचा असल्यामुळे. नव्या कंपनीत लागलो तेव्हा सरांनी सहज विचारलं, गोल्फ क्लबवर कधी गेलायस का? म्हटलं, हो सर, लहानपणी रोज. नाशिककरांना कळलं असेल. अनंत कान्हेरे मैदानाला अख्खं गाव गोल्फ क्लब म्हणतं, तिथं मी ट्रॅकवर बाबांच्या मागं पळालोय, रणजीच्या मॅचेस बघितल्यात, पण गोल्फची काठी तिथं मला या जन्मात दिसली नाही. खोटं एक अक्षर बोललो नव्हतो. पण सरांनी पुढच्याच रविवारी पुण्यात सकाळी सहाला हजर राहायला सांगितलं आणि खुलासा करायची वेळ निघून गेली ती गेलीच. चार वर्षं झाली याला.

तर महिनाभरापूर्वी सरांनी एक व्हिडिओ पाठवला. व्हिज्युअलायझेशन. डोळे मिटा, बॉल होलात जाताना बघा, आत पडल्याचा आवाज ऐका, होल बादलीएवढं दिसू द्या, वगैरे. खाली सरांचा मेसेज, 'तुला याची गरज आहे.' अप्रेझलच्या फॉर्ममध्येसुद्धा त्यांनी माझ्याबद्दल एवढं स्पष्ट कधी लिहिलं नाही.

मी मन लावून करणारा माणूस. वाचायला लागलो. जॅक निकलॉस, 18 मेजर (म्हणजे गोल्फमधल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धा) जिंकलेला माणूस, प्रत्येक शॉटच्या आधी मनात पिक्चर बघायचा म्हणे, तेसुद्धा उलटं, आधी बॉल जाऊन पडलेला, मग त्याचा प्रवास, मग स्वतःचा स्विंग. 1985 मध्ये अमेरिकेत कॉलेजच्या मुलांवर प्रयोग झाला, त्यात पट आत जातोय असं मनात बघणारी मुलं सुमारे 30 टक्क्यांनी सुधारली, काहीच न बघणारी 10 टक्क्यांनी, आणि पट हुकतोय असं बघणारी 21 टक्क्यांनी बिघडली. यातला मधला गट मला फार आवडला. काही केलं नाही तरी 10 टक्के. आमच्याकडे एवढ्या इन्क्रिमेंटसाठी लोक वर्षभर राबतात. पुढं 2008 मध्ये असंही आढळलं की ज्यांचा खेळ त्या दिवशी चांगला झालेला असतो त्यांना होल मोठं वाटतं. मला ते खोकल्याच्या औषधाच्या झाकणाएवढं वाटतं, तर हिशोब लागला.

तीन आठवडे मी रोज रात्री हॉलमध्ये सतरंजी अंथरून, स्टीलचा पेला आडवा ठेवून, डोळे मिटून, मग उघडून पट मारत होतो. दहातले नऊ आत. टण्ण. बायको म्हणाली, पेला वेगळा ठेव आता, पाहुण्यांना देऊ नको. एवढाच काय तो घरचा पाठिंबा.

आता रविवार. जानेवारीची थंडी, आमचा ग्रुप सगळ्यात पहिला, आणि ग्रीनवर दव तसंच, माळीबुवा अजून तिथवर पोचले नव्हते. एका बाजूला सर आणि त्यांचा एक क्लायंट, दुसऱ्या बाजूला मी आणि एक रिटायर्ड कर्नल. हरेल त्या जोडीनं नाश्ता द्यायचा. सरांचा बॉल होलपासून साडेतीन फुटांवर थांबला. मी ताबडतोब म्हटलं, 'घ्या सर, घ्या.' याला गिमी म्हणतात. समोरची पार्टी म्हणते, एवढ्याशा पटचं काय, झाला असं समजू, उचला. मॅचप्लेमध्ये, म्हणजे एकेक होल कुणी जिंकलं यावर हार-जीत ठरते त्या प्रकारात, हे रीतसर नियमात बसतं, आणि एकदा दिला की मागेही घेता येत नाही. सरांनी बॉल उचलला.

मग माझा अडीच फुटांचा. मी सरांकडे बघितलं. सर क्लायंटकडे बघून हसले आणि म्हणाले, 'बघू या की. व्हिज्युअलायझेशनची प्रॅक्टिस होईल.'

बरं. ठीक आहे. बॉलची जागा लक्षात राहावी म्हणून तिथं एक रुपयाचं नाणं ठेवलं होतं ते उचललं, बॉल ठेवला, चार पावलं मागं गेलो, डोळे मिटले. श्वास आत, श्वास बाहेर. होल मोठं होत होत वाटीएवढं झालं, मग पातेल्याएवढं, आता बादली होणार एवढ्यात कुणीतरी माझं कोपर धरलं.

'साहेब, चक्कर आली का?'

आमचे कॅडी, म्हणजे काठ्यांची बॅग वाहणारे. साठीच्या पुढचे, सगळे त्यांना मामाच म्हणतात.

'नाही मामा.'

'उपाशी आलाय तुम्ही. गाडीतनं उतरला तवाच वळखलं मी.' आणि खिशातून कागदाची पुडी काढली. 'खडीसाखर घ्या.'

'मामा, मला काही झालेलं नाही. मी बघतोय.'

'डोळं मिटून?'

'मनात बघतोय. बॉल होलात जाताना. चित्र बघायचं असतं आधी. आवाजसुद्धा ऐकू येतो, टप्प असा.'

मामांनी फ्लॅगची काठी दिंडीतल्या पताकेसारखी खांद्यावर घेतली आणि हे सगळं नीट पचवलं. माणूस हसला असता तर बरं झालं असतं. हसले नाहीत.

'गेला का मग?'

'कोण?'

'बॉल. पिच्चरमधी.'

'गेला.'

'कुठनं गेला?'

'कुठनं म्हणजे, समोरून गेला.'

'सरळ?'

'सरळ.'

'मग पिच्चर चुकलंय, साहेब. हितं उतार हाय. तुमच्या पिच्चरमधी उतार हाय का?'

खरं सांगतो, नव्हता. माझ्या पिक्चरचं सगळं शूटिंग आमच्या हॉलमध्ये झालेलं. बिल्डरनं बाकी काही धड दिलं नसेल पण फरशी लेव्हलमध्ये दिली.

'मग टाका की उतार,' मामा म्हणाले.

'असा मधेच टाकता येत नाही हो. पहिल्यापासून लावावं लागतं.'

'लावा. साहेब लोक थांबतील.'

साहेब लोक थांबायच्या मूडमध्ये नव्हते. सर खोकले, क्लायंटनं मोबाइल काढला. मी परत डोळे मिटले. ग्रीन डावीकडं कलतं केलं, बॉल सोडला, तो जो घरंगळला तो होलाच्या खालून ग्रीन ओलांडून थेट नाल्याच्या दिशेनं निघाला.

'गेला?' मामांनी कानाशी विचारलं.

'बाहेर गेला.'

'उतार जास्ती टाकला तुम्ही. एवढा न्हाई. होलाच्या उजव्या काठाच्या बाहेर दोन बोटं धरा, आन् सोडा हळू. जोरात मारला तर वळायचा न्हाई, निस्ता पुढं जाईल.' मग थोडं थांबून, अगदी कीव आल्यासारखं, 'आन् मनात कशाला बघता? ह्ये काय, खाली काढलंय की.'

मी डोळे उघडून खाली बघितलं. कर्नलसाहेबांनी माझ्या आधी त्याच बाजूनं, माझ्या नाण्याला जवळजवळ घासून, वीस फुटांवरून पट मारला होता. पांढुरक्या दवावर त्यांच्या बॉलची ओली हिरवी रेघ उमटली होती. बराच वेळ सरळ आलेली, आणि होलच्या अलीकडे वीतभर अंतरावर हळूच डावीकडे वळलेली. शेजारून टिटवीची इवली पावलं आडवी गेलेली, तेवढाच काय तो गिचमिडपणा. बाकी नकाशा. इंचाइंचाचा. तो माझ्या बुटांपाशी पडला होता आणि मी डोळे मिटून बादली शोधत होतो.

'अरे बॉल होलात घालायचाय,' सर ओरडले, 'समाधी नाही घ्यायची!' क्लायंट हसला. कर्नल माझे पार्टनर, तेही हसले.

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? रेघेवर विश्वास ठेवला असता. पण माझ्याकडे तीन आठवड्यांचं एचडी पिक्चर होतं, साउंडसकट, आणि त्यात बॉल सरळ जात होता, आणि सर हसले त्याचा राग होता तो वेगळाच. मी सरळ मारला. बॉल अगदी पिक्चरमधल्यासारखा सरळ निघाला, लोण्यातून सुरी जावी तसा, आणि वीतभर राहिल्यावर कर्नलसाहेबांच्या रेघेशेजारून डावीकडे वळला. दोन्ही रेघा बाजूबाजूनं गेल्या, लोकलच्या रुळांसारख्या. माझा बॉल काठाला शिवला आणि चार इंचांवर जाऊन बसला.

कुणी काही बोललं नाही. मग मामा, एकदम हळू, 'आवाज आला न्हाई, साहेब.'

पुढचे 16 होल मी कसे खेळलो ते विचारू नका. प्रत्येक पटला मला पट हुकतानाच दिसत होता, अगदी स्पष्ट, कलरमध्ये. म्हणजे व्हिज्युअलायझेशन जमतंय की. फक्त मी 21 टक्केवाल्या गटात भरती झालो होतो.

आणि आता राहवत नाही म्हणून लिहितो. पट हुकला त्याचं मला एवढं नाही. मला त्या साडेतीन फुटांचं आहे. चार वर्षं मी बघतोय, सरांचा गिमी वर्षभर साधारण तीन फुटांचा असतो, फेब्रुवारीत चार होतो आणि मार्चमध्ये, अप्रेझलच्या तोंडावर, पाच फुटांपर्यंत जातो. तो कोण देतं? मीच देतो. कुणी मागितलेला नसतो. माझ्या तोंडातून 'घ्या सर' हे शिंक यावी तसं बाहेर पडतं. आणि मला या चार वर्षांत एकूण मिळालेले गिमी एका हाताच्या बोटांवर मोजले तर चहाचा कप धरायला बोटं शिल्लक राहतात. नाश्ता मीच दिला, चौघांचा. कर्नलसाहेब म्हणाले अर्धे मी देतो, मी नको नको म्हटलं, तर त्यांनी लगेच पाकीट आत टाकलं. ऑम्लेट, टोस्ट, सरांना वर आणखी एक ऑम्लेट. कॅडींना आत यायची परवानगी नसते, मामा बाहेर झाडाखाली डबा खात बसलेले खिडकीतून दिसत होते, आणि निघताना जिंकलेले सर त्यांच्याशी पन्नास रुपयांवरून घासाघीस करत होते.

मी गाडीत बॅग ठेवायला गेलो तर मामा डिकीपाशी आले.

'साहेब, वाईट वाटून घेऊ नका. मी बी बघतो कवा कवा, डोळं मिटून.'

'काय बघता?'

'तुमच्या त्या मोठ्या साहेबांनी पाकिटातनं पाचशेची काढली.'

'मग?'

'तिथं बी उतार हाय.'

मी माझ्याकडची पाचशेची काढून दिली. मामांनी ती उजेडात धरून बघितली, घडी घालून खडीसाखरेच्या पुडीत ठेवली आणि म्हणाले, सतरंजीखाली एका बाजूनं वर्तमानपत्राच्या घड्या घाला, म्हणजे घरीच उतार होईल.

घातल्या आहेत. सोमवारपासून दहातले तीन जातात.

आत्ता हे टाइप करताना सरांचा मेसेज आला. 'संडे, 6 शार्प. व्हिज्युअलाइज करून ये.' शेवटी हसरा चेहरा. दोन मिनिटं मी स्क्रीनकडे बघत बसलो, काय काय लिहावं ते सगळं मनात अगदी स्पष्ट दिसत होतं, आवाजासकट. मग अंगठा पाठवून दिला. मार्च दीड महिन्यावर आलाय.