डीव्हीडी ड्राइव्ह फेकू नका

‘विंडोज १० टाकलं की डीव्हीडी ड्राइव्ह बाद होतो, नवाच घ्यावा लागतो,’ असा मेसेज सांगलीतल्या ग्रुपांवर फिरतोय. तसं काही नाही. ड्राइव्ह शाबूत असतो. डीव्हीडीवरचा सिनेमा एमपेग-२ पद्धतीने दाबून भरलेला असतो आणि तो उलगडणाऱ्या डिकोडरच्या परवान्याला तेव्हा पैसे पडत. म्हणून २०१२ च्या विंडोज ८ पासून मायक्रोसॉफ्टने मीडिया प्लेअरमधली ही सोय काढून टाकली. व्हीएलसी हे व्हिडिओ प्लेअर फुकट मिळतं. ते टाका, ‘मीडिया’त जाऊन ‘ओपन डिस्क’ करा.

विश्रामबागला मावशीकडे हेच झालं. लग्नाची डिस्क घातली, ड्राइव्ह घरघरला, पडदा काळाच. पण आत ‘व्हिडिओ_टीएस’ हे सिनेमाच्या फायलींचं फोल्डर दिसत होतं, म्हणजे ड्राइव्ह वाचत होता की! व्हीएलसीत लगेच अक्षता पडल्या. (बोटांचे डाग तेवढे पुसावे लागले, मधून कडेकडे, गोल गोल नाही.)

परदेशातून आणलेली डिस्क अडली तर भानगड रीजनची, म्हणजे डिस्क जगाच्या कुठल्या भागात चालावी त्या कोडची. आपला रीजन ५, आणि ड्राइव्हचा रीजन पाचदाच बदलता येतो. सीडी चालते पण एकही डीव्हीडी चालत नाही, असं असेल तर मात्र लेझरवर संशय घ्या. दोन्हींचे लेझर वेगळे असतात.